नवव्या चिकूवरची डिस्क

सातव्या चिकूच्या झाडावरची डिस्क ऋषभने दोरीतून सोडवली, तिच्यावरचा गणपती पाहिला आणि खाली टोपलीत टाकली. आधीच्या सहांत दोन सिनेमे, एक नाटक, दोन भजनं आणि ‘इंग्रजी बोला’ निघालं होतं.

“कपाटात धूळ खात होत्या,” शिडी धरून उभे असलेले गोविंदराव म्हणाले. “परवा चौदा बांधल्या. एक पोपट फिरकला नाही.”

“आजोबा, त्यात एक निलमताईंची होती. काळं फुलपाखरू छापलेली.”

“त्या रंगवलेल्या बायांची?”

“बाया नाहीत. बाप्ये आहेत.”

“मग पोपट घाबरलेच पाहिजेत.”

ऋषभला हसू आलं नाही. सकाळी त्याने डबी उघडली तर आत नुसता कागद. आणि निलमचा बोर्डीला उतरल्याचा फोन येऊन दहा मिनिटं झाली होती. रिक्षाने इथे चिखल्याला यायला अजून दहा.

चेहऱ्याला पांढरा रंग, अंगात लेसचे झगे आणि माडाच्या झावळ्यांसारखे केस असलेल्या ‘शिरोगासा’ या जपानी बँडचे एकेचाळीस चाहते एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर होते. त्यांतले डहाणू-तलासरी मिळून दोन, ऋषभ आणि निलम. निलम तलासरीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची आणि ग्रुपवर अल्बम. तिसऱ्या अल्बमच्या पहिल्या छपाईत शेवटचं गाणं आहे की नाही, जुना ड्रमर नेमका किती गाण्यांत वाजला, यावर लोक दोन-दोन दिवस भांडत. मग निलम दोन ओळी लिही आणि सगळे गप्प होत. तिच्या शब्दाला हे वजन होतं ते त्या एका डिस्कमुळे. ओसाकाच्या एका कार्यक्रमात दारावर वाटलेल्या तीनशेंपैकी एक. दोन गाणी, दुसरीकडे कुठेच नसलेली.

नाशिकच्या रुचिकाने मात्र दहा दिवसांपूर्वी विचारलं होतं, “ताई, डिस्कचा खालून फोटो टाकता का?” त्यावर निलमने काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी तिने डिस्क स्वतःहून ऋषभकडे आणून दिली. बघ म्हणाली, आठवडाभर ठेव. फक्त लावायची नाही आणि उलटी करायची नाही, ठसे उठतात. चाहता असावा तर असा, असं तेव्हा ऋषभला वाटलं होतं.

आठव्यावर पुन्हा भजन. नवव्यावर काळं फुलपाखरू.

त्याचा जीव भांड्यात पडला. ओरखडा गेलाय का बघायला त्याने डिस्क उन्हात उलटी केली, आणि तसाच शिडीवर थांबला. खालची बाजू जांभळट होती. डहाणूच्या फोटो स्टुडिओत लग्नांच्या डिस्का तोच भरायचा. असा जांभळा रंग कोऱ्या डिस्कला असतो, घरी भरायच्या. कारखान्यात छापलेल्या डिस्का चांदीसारख्या असतात. त्याने नखाने फुलपाखराची कड उचलून पाहिली. स्टिकर होता.

तिला कोणी फसवलं होतं? की ती चाळीस जणांना? आणि आता तोंड उघडलं, तर खरी डिस्क तूच ठेवून घेतलीस, असं ती म्हणाली तर?

फाटकाशी रिक्षा थांबली. ऋषभ शिडीवरून उतरला, शर्टाला डिस्क पुसली आणि डबीत घातली.

निलम पडवीत बसली. समोर ठेवलेल्या चिकूला तिने हात लावला नाही.

“पाहिलीस नीट?”

“पाहिली.”

“उलटी नाही ना केलीस?”

“नाही.”

तिने डबी उघडली, फुलपाखरू पाहिलं, मिटली. गोविंदराव टोपली घेऊन आत आले.

“सापडली का? ताई, रागावू नका, चुकून मीच बांधली होती झाडावर. पण तुमचीच एक कामाची नाही निघाली बघा. बाकीच्या लखलख करतात. ही आपली काळवंडलेली. पोपट नाही म्हटलं, पण हिच्याखाली चार चिकू टोचलेले आहेत.”

निलमने डबी पर्समध्ये ठेवली. चेन ओढली. मग तिने ऋषभकडे पाहिलं. तो चिकू सोलत होता, फारच बारीक.

“जुनी आहे ना, आजोबा,” ती म्हणाली. “जपानी माल, वेगळा असतो.”

“असेल बुवा.”

रिक्षा थांबवूनच ठेवली होती. ती गेली. पाच मिनिटांनी ऋषभचा फोन वाजला. ग्रुपवर निलमने लिहिलं होतं: डिस्क आठवडाभर ऋषभकडे होती. वरून, खालून, सगळी त्याने पाहिली आहे. कोणाला शंका असेल तर त्याला विचारा.

खाली लगेच रुचिका: ऋषभ, अस्सल आहे?

बाकीचे एकोणचाळीस वाट पाहत होते. त्याने ‘हो’ लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि पाठवलं. अंगठ्यांची रांग लागली. पहिला अंगठा निलमचा.

तो खोलीत गेला. कपाटाच्या वरच्या खणात, आजोबांचा हात पोचला नव्हता तिथे, त्याच्या स्वतःच्या चार डिस्का होत्या. चारही निलमताईंनी मिळवून दिलेल्या. त्याने वरची काढली, अंगणात आला आणि ती उलटी धरली.

“आता ही पण बांधायची?” गोविंदरावांनी विचारलं.

“आजोबा, जरा बाजूला व्हा,” ऋषभ म्हणाला. “ऊन अडतंय.”