कर्ता गेला की घर साफ

रुग्णालयातल्या खाटांवर नजर ठेवणारा प्रोग्राम दर तीन दिवसांनी धापा टाकत बंद पडायचा आणि त्याचं खापर नेमाने जावईबापूंच्या डोक्यावर फुटायचं. सासरे त्याच रुग्णालयात खाट अकरावर येऊन पडले, तेव्हापासून ऑफिसात त्याचं हेच नाव झालं होतं.

दुखणं जुनंच. प्रोग्राम मेमरीत हजारो वस्तू तयार करतो; ज्यांना कोणी धरून नाही, त्या कचरा समजून आतला झाडूवाला उचलतो. इथे मात्र मेमरी तुंबलेली, आणि कोणी किती जागा अडवलीय हे दाखवणाऱ्या तक्त्यात चाळीस हजार चिल्लर वस्तू, प्रत्येकीला कोणीतरी धरून ठेवलेलं, पण कोणी ते कळेना.

मग त्याने वस्तूंची कुटुंबं पाडली. प्रत्येक खाटेची पडद्यावर एक चौकट असते. ती झाली कर्ता. नाडीचा आलेख, आकडे, नाडी बिघडली की वाजणारा भोंगा हे तिचे आश्रित. चौकट मिटली की अख्खं कुटुंब झाडूवाल्याच्या हवाली.

"तक्ता कसा आरशासारखा झालाय!" साहेब म्हणाले.

चाचणी करणाऱ्या शंकासुराने तेवढी कपाळाला आठी घातली. "भोंगा चौकटीच्या घरात का घातलास रे?"

"तिथेच दिसतो म्हणून."

"तू साहेबांच्या केबिनमध्ये दिसतोस. म्हणून काय त्यांचा मुलगा झालास?"

सगळे हसले. जावईबापूही हसले. सकाळी नऊला नवी आवृत्ती चढली.

दुपारी जेवता जेवता त्याने सवयीने तक्ता उघडला. मेमरी झकास उतरली होती. साहेबांनी तक्त्याचा फोटो काढून वरिष्ठांना पाठवलाही होता. खाट दहाचं कुटुंब जागेवर. बाराचंही. अकराचं नव्हतं.

घास तोंडातच राहिला. त्याने बायकोला फोन लावला. "बाबा कसे आहेत?"

"छान! आज कुठे शांत झोपलेत. तो पडदा सारखा लुकलुकायचा, त्यांचा डोळा लागेना. मी सिस्टरना म्हटलं, तेवढं बंद करा ना. त्या म्हणाल्या, यांची चौकट मिटवते, काही झालंच तर भोंगा आहेच की."

"कधी केला बंद?"

"साडेदहाला. तेव्हापासून हूं नाही की चूं नाही. तुमचं सॉफ्टवेअर सुधारलं म्हणायचं!"

"ऐक. बाबांच्या छातीकडे बघ. हलतेय का?"

"काय अभद्र बोलतोस!"

"बघ आधी! आणि सिस्टरना बोलाव!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तिचा हलका आवाज, झोपलेल्या माणसाला उठवताना काढतात तसा. "बाबा?"

"साहेब, जुनी आवृत्ती चढवा! आत्ताच्या आत्ता!" जावईबापू ओरडले.

"अरे, वरून शाबासकी आलीय," साहेब डबा बंद करत म्हणाले. "आता कशाला हात लावतोस?"

फोनमध्ये बायको मोठमोठ्याने हाका मारू लागली होती. समोर मेमरी आणखी थोडी उतरली. खाट नऊचं कुटुंबही गेलं.