आत्याची रोज नवी चूक

“आणखी थोडे दिवस ही तुरटी आपल्या घरात मुक्कामाला राहिली ना, तर माझ्या डोक्यातलासुद्धा गाळ खाली बसेल,” वहिनी बेसिनशी भांडी विसळत पुटपुटली. पुटपुटली म्हणजे काय, बाहेरच्या खोलीत नीट ऐकू जाईल एवढंच.

बाहेर जेवणाच्या टेबलाशी तिची नणंद बसली होती. दादाच्या पोरांमुळे अख्खा जिना तिला आत्याच म्हणे. आत्या पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायची, नमुने आणायची, तुरटीची पोती मोजून घ्यायची. नोकरी तात्पुरती. कायम व्हायचं तर संयुगांची नावं आणि रेणुसूत्रं यांची परीक्षा द्यायला हवी होती. मागच्या खेपेला ती आपटली. परवा दुसरी खेप होती, आणि या खेपेलाही आपटली तर घरी बसा, असं साहेबांनी बजावलं होतं.

ती आपटली तेव्हापासून शिकवायला तळमजल्यावरचे मास्तर येत. एकटा जीव, शाळेतून निवृत्त, खिशात कायम खडू. रोज संध्याकाळी वर येत आणि तेच ते सांगत, “प्रत्येकाची संयुजा म्हणजे त्याचे हात. ॲल्युमिनियमला तीन, सल्फेटला दोन. याचा आकडा त्याच्या पायाशी, त्याचा याच्या पायाशी. सल्फेट हे एक कुटुंब आहे, ते एकाहून जास्त आलं की कंसात बसवायचं. कळलं?”

“कळलं,” आत्या म्हणे, आणि चुकवे.

आता ऐका गंमत. आत्याला हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं. पण तिला सगळं आलं असतं तर मास्तर कशाला जिना चढले असते? म्हणून ती रोज एक चूक करी. सोमवारी कंस विसरे, मंगळवारी आकडे उलटे घाली, बुधवारी सल्फेटला सल्फाइट म्हणे. मास्तर चष्मा पुसून म्हणत, “असू द्या. उद्या पुन्हा बघू.” आणि उद्या पुन्हा बघत.

ताकाला जाऊन भांडं लपवणारे हे दोघे, आणि ते भांडं साऱ्या घराला दिसत होतं. पण प्रत्येकाने मूग गिळलेले. मास्तरांची चप्पल दाराशी वाजली की दादा पेपर उघडे. तो सकाळीच वाचून झालेला असे, आणि एकदा तर उलटा धरलेला होता. वहिनी दोन कप चहा ठेवून “माझं मेलं काम पडलंय” म्हणत आत पळे. कुणी बोलून गेलं आणि मास्तर लाजून यायचेच थांबले तर?

आज मास्तरांनी सराव प्रश्नपत्रिका आणली होती. “आज शेवटचं,” ते म्हणाले, आणि खिशातला खडू उगाच काढून परत ठेवला.

आज मात्र खरं लिहायचं, आत्याने ठरवलं. पोटाचा प्रश्न होता. सोडियम कार्बोनेट झालं, कॅल्शियम क्लोराइड झालं. पुढे कॅल्शियम फॉस्फेट. पेन थांबलं. कॅल्शियम तीन आणि फॉस्फेट दोन, की उलटं? तिने एक लिहिलं, खोडलं, दुसरं लिहिलं. दोन्ही सारखीच ओळखीची वाटली. खोटंखोटं लंगडता लंगडता पाय खरंच वाकडा व्हावा, तसं तिच्या हाताचं झालं होतं.

“मास्तर,” ती घाबरून म्हणाली, “मला खरंच येत नाहीये हो!”

आत भांड्यांचा आवाज बंद झाला.

मास्तरांनी कागद ओढून घेतला. “येतं तुम्हाला. मी जन्मभर पेपर तपासलेत. ज्याला येत नाही, तो रोज एकाच खड्ड्यात पडतो. तुम्ही रोज नवा खड्डा शोधून काढता. त्याला अख्खा रस्ता पाठ असावा लागतो.”

आत्याचे कान तापले. “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“कॅल्शियमला हात किती?”

“दोन.”

“फॉस्फेटला?”

“तीन. मग एकमेकांच्या पायाशी...” तिने लिहिलं, Ca₃(PO₄)₂. कंसासकट. पुढची सगळी सूत्रं सरसर उतरली, एकही खोडाखोड नाही. मास्तरांनी बरोबरच्या खुणा केल्या. शेवटची खूण मात्र फार सावकाश केली.

“झालं तर मग,” ते उठत म्हणाले. “परवा शांतपणे लिहा. आता माझं काही काम उरलं नाही इथे.”

दादाचा पेपर हलला नाही. वहिनी हातात ओला कप घेऊन दारात उभी. मास्तर एक चप्पल घालून दुसरी पायाने शोधत होते, आणि ती तर समोरच होती.

“मास्तर,” आत्या म्हणाली. “मी पास होणार. पण तुम्ही रोज यायचं. शिकवायला नाही. तुम्ही आला नाहीत की मला करमत नाही, म्हणून यायचं.”