आत घेतलेल्या शिवणी

शिंप्याची बायको गेली, हे त्याला दवाखान्याच्या जिन्यात कळलं. डॉक्टरीणबाई वरून उतरत आल्या, एक पायरी वर थांबल्या आणि म्हणाल्या, काही करता आलं नाही. साखर फार वाढलेली, त्यात ताप, शुद्ध आलीच नाही. गोळ्या कधीपासून बंद होत्या, त्यांनी विचारलं. शिंपी म्हणाला, पण ती रोज चालत होती.

मधुमेह दोघांनाही एकाच वर्षी निघाला होता. गोळ्या घ्या, चाला, जेवण आवरा, असं दोघांनाही बजावलेलं. पण कामं वाटून घ्यायची घरची सवय, तशी त्यांनी दुखण्याचीही वाटणी केली. शिंप्याचा जन्म मशीनवर बसून गेलेला, त्याने गोळ्या घेतल्या. तिला गोळ्यांनी मळमळायचं, तिने चालणं घेतलं. "तुम्ही गिळा, मी चालते," ती म्हणायची. "एवढा संसार अर्धा अर्धा केला, हाही होईल."

आणि तिचं वजन उतरलं. कपडे ढगळ झाले. शिंप्याने टेप लावून शिवणी आत घेतल्या, काही दिवसांनी पुन्हा घेतल्या. गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा, टेप कधी खोटं बोलत नाही. ती घटाघटा पाणी प्यायची, दुपारी गळून पडायची. त्याला वाटायचं, चालून दमते बिचारी. तपासून घे, असं मुलगी मागे लागली, तर आई हसून म्हणाली, तुझ्या बापाने मोजलंय मला.

डॉक्टरीणबाईंनी जिन्यात त्याला समजावलं, की ती बारीक होत नव्हती, झिजत होती. आवाज चढवला नाही. "तुम्हा दोघांनाही दोन्ही हवं होतं, काका. तुम्हाला अजूनही हवंय."

मुलगी आता रोज फोन करते. गोळी घेतली का, विचारते. घेतली, म्हणतो. चालून आलात का, विचारलं की मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणतो. परवा ती रागावली नाही, हळूच म्हणाली, "बाबा, अर्ध्यावर आई गेली. तुम्हीही अर्ध्यावरच आहात."

त्या संध्याकाळी त्याने बूट घातले. दाराशी आला. बायको चालायला कुठल्या रस्त्याने जायची, हे त्याने तिला कधी विचारलंच नव्हतं. मग बूट काढून तो मशीनवर बसला.

गोळ्या तो नेमाने घेतो. चालायला अजून गेलेला नाही.