वाहिलेली खोली

रविवार, १२ जानेवारी २०२५, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. म्हैसूरच्या गोकुलममधल्या आमच्या घराच्या तळमजल्यावरील खोलीत आमच्या ख्रिस्ती मंडळीचे अकरा मतदार बसले होते. प्रश्न एकच होता: माझ्या पत्नीची खाट या खोलीत ठेवावी की नाही.

मृदुलाच्या मोडलेल्या खुब्यावर गेल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. भूल देताच तिचा रक्तदाब कोसळला. बाहेर उभ्या असलेल्या आमच्या मुलाने, निनादने, तिथेच नवस केला: मम्मी वाचली तर तळमजल्याची खोली प्रभूला. ती वाचली. दोन दिवसांनी पाळकसाहेबांनी चौकटीला तेल लावून खोली समर्पित केली. समर्पित खोलीत अंथरूण पडत नाही, हा आमच्या मंडळीचा रिवाज. शास्त्रात तो कुठेही नाही. पहिल्या पाळकांपासून चालत आला, इतकेच. समर्पण मागे घ्यायचे तर मंडळीचे मत घ्यावे लागते.

मृदुलाने यापुढे जिना चढायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. आमची राहती खोली वरच्या मजल्यावर. सोमवारी तिला घरी सोडणार होते.

मी तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकलो. घर निनादच्या नावावर असले तरी आराखडा माझा. म्हातारपणी चाकांची खुर्ची सहज आत यावी म्हणून याच खोलीचे दार मी रुंद ठेवले आणि न्हाणीघर तिला लागून घेतले.

"आईबापांचा मान राखावा, ही देवाची आज्ञा," मी म्हणालो. "अंथरूण पडू नये, ही आपली. देवाला वाहिले असे सांगून आईबापांना नाकारणाऱ्यांना प्रभूने काय सुनावले, ते इथे प्रत्येकाला पाठ आहे."

"पप्पा, नवस मम्मीसाठीच होता ना," निनाद म्हणाला. "आता तोच मोडायचा? देव काय म्हणेल?"

"देवाचे नंतर पाहू. तुझी आई काय म्हणते, ते विचारलेस?"

त्याने पाळकसाहेबांकडे पाहिले. पाळकसाहेब हसले. "दिलीपभाऊ, आज खाट येईल, उद्या टीव्ही येईल. हुणसूरला आपले विश्रामगृह आहे, सगळे तळमजल्यावर. मृदुलाबाईंची तिथे उत्तम सोय होईल."

"मग तुम्हीच राहा की तिथे. गुडघे तर तुमचेही दुखतात."

कुणीतरी खुदकन हसले. पाळकसाहेबांचे हसू मात्र मावळले.

माझी भिस्त जगन्नाथरावांवर होती. तीन पिढ्या म्हैसुरात शिवणकाम करणाऱ्या घराण्यातले हे आमच्या मंडळीतले सर्वांत जुने सभासद. सकाळीच फाटकापाशी माझा खांदा थोपटून ते म्हणाले होते, "सुम्ने, उगीच कशाला काळजी करता, हो? पहिला हात माझाच!" आता ते स्वतःच्या बाहीची शिवण निरखत होते.

"जगन्नाथराव?" मी हळूच विचारले.

"अय्यो, दिलीपराव," ते पुटपुटले, "माझ्याही घरात अशी खोली आहे. बाप शेवटी ओसरीवर निजला, पण ती उघडली नाही मी. आज तुमच्या बाजूने हात उचलला तर वर गेल्यावर त्याला काय तोंड दाखवू?"

पाळकसाहेबांनी मत मागितले. मृदुलाच्या खाटेसाठी खोली द्यावी असे वाटणाऱ्यांनी हात वर करायचे होते. मी केला. सून अदितीचा हात पदराआडून निघाला, मग तिने नवऱ्याकडे पाहिले आणि तो पुन्हा मांडीवर ठेवला. ज्या मुलाला त्याच्या आईने चालायला शिकवले, तो डोळे मिटून, हात जोडून प्रार्थनेत बसला होता. पाळकसाहेब मोजेपर्यंत त्याने ते हात सोडले नाहीत.

बाजूने एक, विरुद्ध दहा.