गोजराला विचारलं नाही

“पण बाई, प्राचीपण मुलगीच आहे की.”

भाविका मढवीनं हे इतकं मोठ्यानं म्हटलं की शिक्षकखोलीत पेपर तपासणारे दोन सर माना वर करून बघायला लागले. एरवी या खोलीशी आलं की तिचा आवाज घशातच बसायचा. आज तो बसायला तयार नव्हता.

सरोजिनीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नववीला विज्ञान शिकवणाऱ्या बाई मुळात प्रेमळ. कुणाला ओरडल्या तर मागाहून बोलावून खडीसाखर द्यायच्या. त्यांनी आवाज आणखी मऊ केला. “प्राचीची गोष्ट वेगळी आहे, भाविका.”

“कशी वेगळी?”

“अगं, विज्ञान शिबिर पुण्याला आहे. अख्खा मे महिना वसतिगृहात राहायचं. तुमच्याकडे पाठवतात का मुलींना असं? तुमच्या तळवलीतल्या तिघी गेल्या वर्षी दहावीच्या आधीच शाळेतनं गेल्या, लग्नं ठरली म्हणून. शाळेला दोनच नावं देता येतात. तुझं दिलं, निवडही झाली आणि घरचे नाही म्हणाले, तर जागा फुकट जाणार ना? म्हणून मग निखिल आणि प्राची.”

“आणि माझं खेकड्यांचं निरीक्षण?”

“सगळ्यांत चांगलं तुझंच होतं,” बाई म्हणाल्या. त्यापेक्षा ‘भिकार होतं’ म्हणाल्या असत्या तर बरं, असं भाविकाला झालं.

खाडीला भरती येणार असली की चिखलातले बारके खेकडे आधीच बिळात शिरतात, हे तळवलीत शेंबड्या पोरालाही माहीत. भाविकानं त्यातले थोडे चिखलासकट प्लास्टिकच्या टबात घालून घरामागच्या पडवीत आणले होते. तिथं ना खाडी, ना भरती. तरी तिकडे खाडीला पाणी चढायची वेळ झाली की इकडे टबातले खेकडे पळापळ थांबवून चिखलात गडप. त्यांना सांगतं कोण? सगळा हिवाळा ती त्या टबाशी उकिडवी बसून होती. तिचा बाप हरेश तुर्भ्याच्या कंपनीतून पाळी करून यायचा आणि म्हणायचा, “लोका खेकरं खातान, आमची पोर त्यांची हजेरी घेते.” आणि निवडीसाठी निखिलनं काय आणलं होतं? बाबांनी बनवून दिलेला सोलर कुकर, ज्यात भात शेवटपर्यंत शिजला नाही.

“निखिलच्या घरी विचारलंत तुम्ही?”

“फोन केला होता.”

“प्राचीच्या?”

“तिच्या आईशी बोलले.”

“आणि माझ्या?”

“तुमच्याकडे फोन नाही ना गं.”

“मी रोज येते शाळेत, बाई. माझ्या हातनं चिठ्ठी नसती गेली?”

बाई म्हणाल्या, तू हुशार आहेस, पुढे खूप संधी येतील. भाविका वळली. शिक्षकखोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता. आपटायचीसुद्धा सोय नाही.

घरी तिची आई गोजरा ओट्यावर सुपात जवळा पाखडत बसली होती. लेकीनं दप्तर ज्या तऱ्हेनं फेकलं, त्यावरनं तिनं ओळखलं. “काय झाला गो? कोनासंगं भांडलीस?”

“बाईंनी माजा नाव नाय दिला पुण्याला. म्हणे, तुझ्या घरचे पाठवणार नाहीत.”

गोजरानं सूप पुन्हा हलवलं. “मंग खोटा काय बोलली ती? मी नसतीच पाठवली तुना. महिनाभर परक्या गावान पोरीला कोन ठेवतो?”

झालं. दुपारपासून भाविका एका बाजूनं जळत होती, आता दुसरीकडूनही जाळ लागला. बाई बरोबर निघाल्या, याचाच तिला जास्त संताप आला.

“नाय पाठवणार तर तू म्हन ना नाय.” तिचा आवाज असा चढला की शेजारच्या ओट्यावरची सगुणाकाकी निवडायचे तांदूळ घेऊन आणखी पुढे सरकून बसली. “मी तुझ्याशी भांडले असते. जेवले नसते. बाबांना फितवलं असतं. तू नसतीस ऐकली तर नसतीस. पण भांडण माझं होतं, आय. बाईंनी ते शाळेतल्या शाळेतच मिटवून टाकलं. तुझ्या नावानं ‘नाही’ म्हणून.”

सूप थांबलं.

“माज्या नावानं?”

“हो.”

“मना न इचारता?”

“तुला विचारायला आपल्याकडे फोन कुठंय?”

गोजरानं सूप खाली ठेवलं. तिचं लग्न ठरलं तेव्हा ती शेतावर लावणी करत होती. संध्याकाळी घरी आल्यावर कळलं. सरकारनं जमिनी घेतल्या, तेव्हा चावडीवर बैठका झाल्या आणि बायकांनी चहा पोचवला. घराला स्लॅब टाकला, तेव्हा चूल कुठल्या भिंतीशी येणार हे गवंड्याला ठाऊक होतं, गोजराला नव्हतं. हे सगळं तिनं गिळलं होतं, कारण तेव्हा तिच्या हो-नाहीची कुणाला गरजच नव्हती. पण असं परस्पर तिच्या तोंडातलं ‘नाय’ काढून वापरायला आजवर कुणी धजलं नव्हतं.

“उद्या कवा भेटल तुजी बाई?”

“कशाला?”

“‘नाय’ सांगाचा हाय. माजा ‘नाय’ मी सांगन. ती कोन सांगनारी?”

दुसऱ्या दिवशी गोजरा लग्नकार्यातली हिरवी साडी नेसली, आंबाड्यात अबोली खोवली आणि कोपरखैरण्याच्या शाळेच्या रस्त्याला लागली. मागून भाविका जवळजवळ धावत होती. वाटभर आईचे ओठ हलत होते. बहुधा ‘नाय’ कसं म्हणायचं ते ठरवत होती.

तिला पाहून सरोजिनीबाई उठून उभ्या राहिल्या. “या, भाविकाच्या आई. बसा.”

गोजरा बसली नाही. “मना इचारा.”

“काय विचारू?”

“पोरीला पाठवता का म्हनून. त्या दोघांच्या घरी इचारला तसा.”

“अहो, पण नावं गेली पुण्याला, काल संध्याकाळीच. आता विचारून काय उपयोग?”

“उपेग माजा मी बघन. तुमी इचारा.”

पेपर तपासणाऱ्यांतले एक सर हसले आणि मग खोकल्यासारखं केलं. बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी सरांकडे पाहिलं, भाविकाकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

“भाविकाच्या आई, भाविकाला एक महिना पुण्याला पाठवाल का?”

भाविका ‘नाय’ची वाट बघत राहिली. ते आलं नाही.

“ऱ्हाचा कुठं?” गोजरानं विचारलं.

“मुलींचं वेगळं वसतिगृह आहे.”

“रातचा दाराशी कोन असतो?”

“वॉर्डनबाई असतात.”

“जेवनान मावरा?”

“मासे नाही मिळत तिथं.”

“मंग ही निम्मी होल.” गोजरानं लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आनि दिवसभर करतील काय?”

“प्रयोगशाळेत काम करतील. मोठे शास्त्रज्ञ असतात तिथं. ही खेकड्यांचं विचारते ना, त्यांना भरतीचं कळतं कसं, ते तिला त्या शास्त्रज्ञांना...” बाई थांबल्या. “ते विचारता आलं असतं.”

“तुमाला नाय येत त्याचा उत्तर?”

“नाही येत.”

गोजरानं पदराच्या टोकानं ओठांवरचा घाम टिपला. वेळ घेतला. लग्नाच्या बैठकीत वडीलधारे पुरुष घेतात ना, सगळ्यांना ताटकळत ठेवून, तेवढा.

“पाठवतंय मी,” ती म्हणाली. “लिवा.”

भाविकाच्या डोक्यात पहिली आली ती शंका. आता जायचं नाहीच, म्हणून फुकटचं हो म्हणतेय का ही? तसं असेल तर घरी गेल्यावर दुसरं भांडण. पण दाराशी रात्री कोण असतं, हे कुणी फुकट विचारत नाही. ती आईच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि तिला बाईंचा, त्या सरांचा, पुण्याला गेलेल्या त्या पाकिटाचा असा राग आला की डोळे भरून आले. ते तिनं पुसले नाहीत. बघू देत.

“अहो, लिहू कुठं?” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “नावं गेली, म्हटलं ना.”

“लिवा,” गोजरा म्हणाली, आणि आता ती खुर्ची ओढून बसली.

सरोजिनीबाईंनी पेनाचं टोपण काढलं. समोर टेबलावर ज्यावर नाव लिहावं असं काहीच नव्हतं. गोजरा त्यांच्या हाताकडे बघत होती.