इस्त्रीवर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. पितळी अंगाची, चांगली वजनदार. भूकंपात पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यातून जिलानीने मला उकरून काढले आणि लातूरला आणले. इथे तेव्हा शिकवण्यांचे पेव फुटत होते. गावोगावची मुले खोल्या करून राहत. जिलानीची बायको आबेदा त्यांचे कपडे माझ्याकडून कडक करून घेई. "चाचीची इस्त्री म्हणजे इस्त्री!" असे मुले म्हणत, तेव्हा माझे पितळ आणखी चमके.

मग कोरोना आला आणि खोल्या ओस पडल्या. मुले परतू लागली, तेव्हा आबेदाने एका खासगी दवाखान्यात लस घेतली. लस चांगलीच होती, मित्रांनो. पण घाईतल्या नर्सने सुई दंडात न देता पार वर, खांद्याच्या सांध्यात टोचली. त्या दुपारपासून आबेदाचा उजवा हात वर जाईना. दवाखान्यात म्हणाले, "दुखतंच थोडं. जाईल." ती त्यावर विसंबली. हाडांच्या डॉक्टरकडे पोहोचली, तोवर सांधा आखडून गेला होता. तिची वेणीसुद्धा आता जिलानी घाली. मी फळीखाली थंड पडून राहिले.

तिने भरपाईसाठी ग्राहक आयोगात दावा लावला. दवाखान्याच्या वकिलाने मागणी केली म्हणून एका तारखेला मलाही पिशवीत घालून नेले. त्याने मला टेबलावर दाणकन ठेवले. "एवढं वजन रोज ओढल्यावर खांदा जाणारच. सुईचा काय दोष?"

आबेदा उठून उभी राहिली. "साहेब, सुई घ्यायच्या दिवशी सकाळीबी हिनंच ढीगभर कपडे केले मी. दुपारी हात उचलंना."

पण तिच्या सुरुवातीच्या दुखण्याची नोंद कोणीच केलेली नव्हती. दावा फेटाळला गेला. निकालात दुखण्याचे संभाव्य कारण म्हणून माझा उल्लेख होता. साक्ष द्यायला मला तोंड कुठले?

घरी येताच जिलानी कडाडला, "ही बला भंगारात देऊन टाकतो!"

"तिचा काय कसूर?" आबेदाने मला डाव्या हाताने जवळ ओढले. "वर अपील करू. मी काय खोटं बोलून राहिले का?"

अपील अजून पडून आहे. आबेदाचा हात तसाच आखडलेला आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाल तर मला आनंदच होईल. पण कोणी माणूस 'दुखतंय' म्हणाला, तर आधी ते खरे माना. स्वतःचे दुखणे सिद्ध करत त्याला दारोदार फिरायला लावू नका.