पडलेला वारा

यमुनाबाईंनी रोज पूजा केली, उपास केले, पण देवाकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या मंगळवारी मागितलं, आणि तिथंच चुकलं.

त्यांची लेक वरदा शिडाच्या जहाजावर होती. पोर्तुगालहून ऑलिव्ह ऑइलची पिंपं घेऊन इंग्लंडात कॉर्नवॉलला यायचं, तेही इंजिनाशिवाय, निव्वळ वाऱ्यावर. ती निघाली त्या दिवशी यमुनाबाईंनी लंडनमधल्या हॅरोच्या घरात अखंड दिवा लावला आणि झुळूक लागू नये म्हणून देवाजवळची खिडकी घट्ट लावून घेतली.

वरदा समुद्रात असतानाच तिच्या बाबांच्या, गिरीशरावांच्या बायपासची तारीख आली. सोमवार, सकाळी सात. जहाजावरून वरदाचा मेसेज आला, 'शनिवारी पोचते. मला भेटल्याशिवाय बाबांना आत जाऊ देऊ नकोस.'

मंगळवारी तिच्या वाटेवर वादळ उठलं. फोनवरच्या नकाशातले लालभडक पट्टे पाहून यमुनाबाईंनी पदर पसरला. "गणराया, हा वारा थांबव. एकवीस दिवस मीठ सोडते."

बुधवारी वारा थांबला. सगळाच.

शुक्रवारी मेसेज आला, 'शिडं नुसती लोंबतायत. कॅप्टन म्हणतो, उद्या निघू, नाहीतर आठवड्यानं.'

"अगं, किती वारा हवा ते नीट सांगायचंस ना देवाला," गिरीशराव म्हणाले. "भाजी घेताना पावशेर-अर्धा शेर बरोबर सांगतेस."

"अहो, थट्टा नको. तारीख पुढे नाही का ढकलता येणार?"

"डॉक्टर नको म्हणालेत. आणि ती कधी येईल हे तिच्या कॅप्टनलाही ठाऊक नाही. कुठवर ढकलायची?"

यमुनाबाई अळणी भाताचा घास तोंडात घोळवत राहिल्या. प्रत्येक घासागणिक आपणच लेकीला तिथं अडवून धरतोय असं त्यांना वाटे. व्रत मोडावं, तर ते वादळ परत उठलं तर? आता देवाला काय सांगायचं, तेच सुचेना.

शनिवार गेला. रविवारी वरदानं एवढंच कळवलं, 'अजून तिथंच.'

सोमवारी सहाला गिरीशराव बूट घालून दारात उभे राहिले. "चल, कॅब आली. तिला सांग, बाबा वाट बघून गेला."

"असं बोलू नये," त्या पुटपुटल्या. मग देवाजवळ गेल्या आणि इतक्या दिवसांची बंद खिडकी त्यांनी सताड उघडली.

बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं. दिव्याची ज्योत सरळ, स्थिर उभी होती.